एक यायचंय अजून

मला ध्यानाला पाठवलं ते दातांच्या डॉक्टरीणबाईंनी. हे कुणाला सांगितलं की लोक हसतात, पण झालं तसंच. दाढ ठणकत होती म्हणून गेले, तर बाईंनी दिवा खाली ओढून, आरसा इकडेतिकडे फिरवून बराच वेळ आत पाहिलं आणि विचारलं, "घरात कुणाशी भांडता का?" आता आ वासलेल्या तोंडाने मी काय सांगणार! त्या म्हणाल्या, दाढेला काहीही झालेलं नाही, तुम्ही झोपेत दातओठ खाता, दाढा घासून पार सपाट झाल्यात. याला औषध नाही. कुठेतरी जाऊन गप्प बसायला शिका.

"मी दिवसभर गप्पच असते," तोंड मोकळं झाल्यावर मी म्हटलं.

"तोंडाने असाल," असं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

राग आला, पण बाईंचं खरं होतं. माझं कामच गप्प बसण्याचं आहे. लोक पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करतात आणि ती रेकॉर्डिंग साफसफाईला माझ्याकडे येतात. घरातल्या मागच्या खोलीत कानांवर हेडफोन चढवून मी वाचणाऱ्याचं अडखळणं काढते, ओठांची चटचट काढते, खुर्चीची कुरकुर काढते. आणि श्वास काढते. वाक्य सुरू करण्याआधी माणूस हवा आत ओढतो, तिचा स्क्रीनवर एक पुसटसा फुगवटा दिसतो. तो दोन्ही बाजूंनी पकडायचा आणि कापायचा. वर्षानुवर्षं हेच केल्यामुळे मला समोर बसून बोलणाऱ्या माणसाचेसुद्धा श्वास आधी ऐकू येतात आणि बोलणं मागाहून.

त्याच खोलीत खिडकीपाशी, वेताच्या खुर्चीत माझे सासरे बसतात. बाबांनी जन्मभर शाळेची बस चालवली. ती बस भंगारात जाऊनही जमाना झाला, पण बाबांच्या डोक्यात ती अजून फाटकाशी उभी आहे, इंजिन चालू ठेवून. खिडकीतून बाहेर बघता बघता ते मधूनच मान वळवतात आणि विचारतात, "सगळे आले का?"

"हो बाबा, सगळे आले," आम्ही म्हणायचो. मी म्हणायचे, नवरा म्हणायचा, फोनवरून दीरसुद्धा म्हणायचे. म्हाताऱ्या माणसाच्या जिवाला बरं वाटावं, आणखी काय! बाबांचा चेहरा खुलायचा. "बरं," म्हणायचे. आणि थोड्या वेळाने खुर्चीचे हात धरून उठायचे आणि दाराकडे निघायचे. मी हेडफोन काढून धावायचे, दंडाला धरून परत आणून बसवायचे. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर, पुन्हा तीच धावाधाव. कामाचं खोबरं व्हायचं ते वेगळंच. मी ओरडायचे. नाही म्हणून कशाला सांगू, चांगली ओरडायचे.

एका दुपारी ते उठलेले मला कळलंच नाही. कानांत कुणीतरी समुद्रावरच्या वादळाचं वर्णन वाचत होतं आणि मी त्याच्या धापा काढत होते. मान वर केली तर खुर्ची रिकामी. शेवटी चौकातल्या फळवाल्याने त्यांना हाताला धरून आणलं. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या टेम्पोच्या दाराला हात लावून ते आतल्या ड्रायव्हरला सांगत होते, "खाली उतर बाबा, उशीर होतोय."

त्यानंतर दिरांनी जागा शोधली. वृद्धांसाठीचं घर, मोठं फाटक, आत बाग, रात्रंदिवस नर्स. मी फोटो पाहिले. खोट काढायला काही सापडलं नाही, याचाच मला राग आला. "रविवारी येतो, मग काय ते ठरवू," दीर म्हणाले. नवरा म्हणाला, "दिवसभर घरात तूच असतेस. तू म्हणशील तसं." याला समजूतदारपणा म्हणायचं की हात झटकणं, ते ज्याचं त्याने ठरवावं. एवढं खरं की बाबा या घरात राहणार की जाणार, ते आता माझ्या एका शब्दावर आलं होतं. आणि तो शब्द माझ्या जिभेच्या टोकावर होता.

ध्यानाचा वर्ग पोहण्याच्या तलावाच्या वरच्या मजल्यावर भरतो. नवरा त्या दिवसांत लवकर घरी येऊन बाबांपाशी थांबायचा आणि मी उतरत्या उन्हात जिना चढून जायचे. मोठी ओकीबोकी खोली, भिंतीशी रचलेल्या सतरंज्या, खालून येणारा पाण्यातल्या औषधाचा वास. एका बाजूच्या काचेतून तलाव दिसतो. ऊन पाण्यावर पडून वर उडतं आणि खोलीच्या छतावर उजेडाच्या वाकड्यातिकड्या रेघा सारख्या हलत राहतात. खालून पोरांचा गलका येतो, मधूनच शिट्टी वाजते, कुणीतरी धपकन पाण्यात पडतं. शिकवणाऱ्या बाई इतक्या हळू बोलतात की मी त्यांचं नाव पहिल्याच दिवशी सावकाशबाई ठेवून टाकलं. दोन शब्दांच्या मधली जागा मला कापून काढावीशी वाटे.

"श्वासाकडे... लक्ष द्या," सावकाशबाई म्हणाल्या.

मी दिलं. हवा आत आली आणि माझ्या उजव्या हाताचं बोट आपोआप हललं. कापायला! मांडीखाली हात दाबून धरला तर डावा हात हलायला लागला.

श्वासाचं हे, तर विचारांचं विचारूच नका. दोरीवरचे कपडे आठवले. सकाळच्या रेकॉर्डिंगमधला एक चुकीचा उच्चार आठवला. डॉक्टरीणबाईंना द्यायचं उत्तर आत्ता कुठे सुचलं, आणि काय झणझणीत सुचलं! आणि या सगळ्यांच्या मागून, अगदी हलक्या पावलांनी, तो आला. पाठवून द्यावं त्यांना. मी तो दोन्ही बाजूंनी पकडला आणि कापला. तो पुन्हा आला. पुन्हा कापला. घंटा वाजली तेव्हा माझे दात एकमेकांवर गच्च बसलेले होते.

सगळे गेल्यावर मी बाईंना गाठलं. "विचार आला की काढायचा कसा?"

"काढायचा नाही."

"मग?"

"असू द्यायचा. त्याच्याशी भांडायचं नाही, त्याच्या मागे जायचंही नाही."

"आणि असू दिला, तर उद्या तो खरा झाला तर?"

त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. मला वाटलं, आता काहीतरी मोठं ऐकायला मिळणार. "बसून बघा," त्या म्हणाल्या आणि सतरंज्या गोळा करायला लागल्या. एवढ्यासाठी मी जिना चढून आले होते!

त्याच आठवड्यात स्टुडिओतून दाढीवाल्याचा फोन आला. दाढीवाला म्हणजे मला कामं पाठवणारा. "अहो, वादळाच्या पुस्तकातल्या माणसाला तुम्ही मारून टाकलंत की! थोडंसं ऐकलं तर मलाच धाप लागली." मी पुन्हा ऐकून पाहिलं. रागाच्या भरात एकूण एक श्वास मी साफ केला होता. वाक्याला वाक्य चिकटलेलं, मधे कुठे हवाच नाही. माणूस बोलत होता, पण जिवंत नव्हता. "सगळे परत घाला," दाढीवाला म्हणाला, "फक्त आवाज जरा खाली घ्या. मागे असू देत ना, कुणाला नडतात?" एकाच आठवड्यात दोन माणसांनी मला असू दे म्हणून सांगावं म्हणजे काय! मी चडफडत एकेक श्वास जागच्या जागी ठेवत बसले. मागून बाबांनी विचारलं, "सगळे आले का?" "आले हो, आले!" मी खेकसले. ते उठले.

रविवारच्या आधीच्या वर्गाला मी इतकी दमलेली होते की भांडायचं त्राणच उरलं नव्हतं. डोळे मिटले. मिटलेल्या पापण्यांवरसुद्धा छतावरच्या रेघा हलत होत्या. खालचा गलका हळूहळू लांब गेला, एखाद्या दुसऱ्याच इमारतीत कुणीतरी पोहत असावं इतका लांब. हवा आत आली. बोट हललं नाही. हवा बाहेर गेली. मग ओळखीची पावलं. पाठवून द्यावं त्यांना. मी काही केलं नाही. कापायलाही हात उचलेना आणि त्याच्या मागे जायलाही पाय उचलेना. तो जरा वेळ घुटमळला, आणि बसला.

त्याच्या मागून बाकीचे आले. कपडे आले, डॉक्टरीणबाई आल्या, सासूबाई गेल्या त्या दिवशी मला रडायला वेळच मिळाला नव्हता ते आलं. आणि माझ्या लक्षात आलं की हे सगळे एका पायरीवर चढून आत जाताहेत. ती बस होती. तलावाच्या मधोमध उभी, चाकं पाण्यात, पायरीपर्यंत हिरवंनिळं पाणी. केस ओले, पाठीवर दप्तरं, सगळे एकामागून एक चढत होते, धक्काबुक्की नाही, आरडाओरडा नाही. पुढे बाबा बसले होते, लग्नातल्या फोटोत आहेत तसे, दाट काळ्या केसांचे. पाठवून द्यावं त्यांना हाही चढला, खिडकीजवळची जागा पकडली आणि काचेवर वाफ सोडून बोटाने काहीबाही काढत बसला. केवढा लहान होता तो! त्याला कुणी खाली उतर म्हटलं नाही. मीही नाही.

"सगळे आले का?" मान न वळवता बाबांनी विचारलं.

"एक यायचंय अजून," कुणीतरी म्हणालं. मीच असेन.

"मग थांबू," बाबा म्हणाले.

आणि बस उभी राहिली. इंजिनाची घरघर पायांतून वर येत होती. उजेड खिडक्यांमधून आत शिरून सगळ्यांच्या तोंडांवरून फिरत होता. कोण यायचंय, कधी येणार, कुणी विचारत नव्हतं. कुणाला कुठे पोहोचायची घाई नव्हती. माझा जबडा सैल पडलेला मला कळला, आणि कळूनही तो सैलच राहिला. आयुष्यात मी इतकी निवांत कुणाची वाट पाहिलेली नाही.

घंटा वाजली. मी उठले, चपला घातल्या, जिना उतरले. रस्ता नेहमीचाच होता, पण जरा पाण्याखालून चालल्यासारखं वाटत होतं. शिंप्याचं मशीन चालत होतं, थांबत होतं. एक माणूस दुकानासमोर पाणी शिंपडत होता आणि ओल्या फरशीवर संध्याकाळचं आभाळ पडलं होतं. सावकाशबाई रोज असंच चालत घरी जात असतील का, असं मनात आलं, आणि तेही माझ्याबरोबर थोडं चाललं.

दार उघडलं तर बाबा खुर्चीत होते. स्वयंपाकघरात नवरा भांडी घासत होता. बाबांनी मान वळवली.

"सगळे आले का?"

हो म्हणायला तोंड उघडलंच होतं. पण मी अजून पुरती त्या बसमधून उतरले नव्हते. "नाही बाबा," मी म्हटलं, "एक यायचंय अजून."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग खुर्चीच्या हातांवरची त्यांची बोटं सुटली. पाठ मागे टेकली. "मग थांबू," म्हणाले आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले.

मी दारातच उभी राहिले. आता उठतील, मग उठतील. नवरा हात पुसत बाहेर आला, त्याने खुणेने विचारलं काय झालं, मी खुणेनेच गप्प केलं. बाहेरचा उजेड गेला, दिवे लागले. बाबा उठले नाहीत.

मग मला एकदम समजलं. सगळे आले म्हटल्यावर कुठला ड्रायव्हर बस उभी ठेवील? इतके दिवस आम्हीच त्या माणसाला घराबाहेर काढत होतो. तेही मायेने, बरं वाटावं म्हणून! प्रश्न आला की तो लगेच मिटवून टाकायचा, एवढंच आम्हाला ठाऊक. त्यांना मात्र तो उघडा राहिला तरच बसता येत होतं.

ही काही जादू नव्हती. पुढच्या तीन-चार दिवसांत एकदा बाबा भडकले, "कोण आहे तो? रोज उशीर! त्याच्या आईला बोलावून घ्या." एकदा यायचंय म्हणून सांगूनही ते उठलेच. मी त्यांच्याबरोबर खाली फाटकापर्यंत गेले, आम्ही दोघांनी रस्त्याच्या दोन्ही बाजू पाहिल्या आणि वर आलो. पण बाकी वेळ ते बसायचे. त्या न आलेल्या पोराची काळजी करायचे, दप्तर विसरलं असेल म्हणायचे. मी काम करायचे. नवऱ्याला वाटलं, झालं, सुटला प्रश्न.

मलाही तसंच वाटलं होतं. आता तो विचार येणार नाही, यायचं कारणच उरलं नाही. शनिवारी दुपारी खोलीत छान शांतता होती, बाबा बसले होते, मी एका आजीबाईंच्या आवाजातली गोष्ट साफ करत होते, आणि तो आला. पाठवून द्यावं त्यांना. मी गारच पडले. आता तर सबबसुद्धा नव्हती. बाबा त्रास देत होते तोवर मी त्रासलेली होते. आता मी कोण होते? आजीबाईंचा श्वास स्क्रीनवर तसाच थांबला होता. मी त्याचा आवाज जरा खाली घेतला आणि पुढे ऐकत राहिले. तोही बसून राहिला, खिडकीपाशी, बाबांच्या बाजूला.

रविवारी दीर आले. मी चहा केला आणि सगळे मागच्या खोलीतच बसलो, कारण बाबा खिडकी सोडत नाहीत. दिरांनी त्या घराची माहिती पुन्हा सांगितली. माणूस वाईट नाही, खरंच काळजीने सांगत होते. नवऱ्याने नव्या उत्तराचं सांगितलं, तेव्हा त्यांनी मान हलवली. "आज चालतंय. उद्या नाही चाललं तर?" मग माझ्याकडे वळले. "वहिनी, एक विचारू? मनापासून सांगा. तुम्हाला नको झालंय ना?"

नवरा लगेच म्हणाला, "छे, तिचं काय..."

"हो," मी म्हटलं.

नवऱ्याने कप खाली ठेवला.

"पाठवून द्यावं असं मला रोज वाटतं, भाऊजी. काल वाटलं. तुम्ही आत्ता विचारताय तेव्हाही वाटतंय. उद्याही वाटेल, मी काही देवमाणूस नाही." मी थांबले नाही. "वाटू दे. वाटलं म्हणून ते करायलाच हवं असं कुठे आहे? बाबा इथेच राहणार."

 मला त्या तिघांचे श्वास ऐकू येत होते. दिरांचा भरभर, नवऱ्याचा अडकलेला, आणि बाबांचा लांब, संथ. ते बाहेर बघत होते, आमचं ऐकत असतील असं कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"मलाही वाटतं," बाबा म्हणाले.

"काय वाटतं बाबा?" दिरांनी खुर्ची पुढे ओढली.

"निघून जावं असं. रोज वाटतं." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ही ओरडते फार."

दिरांना हसू आलं, तोंडावर हात ठेवून त्यांनी ते दाबलं. "मग जात का नाही?"

बाबांनी सावकाश मान वळवून माझ्याकडे पाहिलं, माझ्या टेबलाकडे पाहिलं, टेबलावरच्या हेडफोनकडे पाहिलं. त्या वेळी त्यांच्या डोळ्यांत बस नव्हती, फाटक नव्हतं, फक्त ही खोली होती.

"ही दिवसभर कानाला ते लावून एकटीच बसते," ते म्हणाले. "हिला सोडून कुठे जायचं?"

मी समजत होते, त्या खोलीत मी त्यांना सांभाळत बसते. मला रडू फुटलं. चारचौघांत रडते तसं नीटनेटकं नाही, सासूबाईंचंही राहिलेलं सगळं त्यात निघालं. नवरा उठून माझ्यापाशी आला आणि त्याला काय करावं ते सुचेना. बाबांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग त्याला म्हणाले, "अरे, नुसता उभा काय राहतोस? तिला पाणी आण."